येते हं

सुयोग बिराजदारला दुसऱ्याचे मार्क बघितल्याशिवाय स्वतःचे मार्क कळत नसत. लातूरच्या शाळेत तपासलेला पेपर हातात पडला की हा आधी शेजारच्या बाकावर वाकायचा. आपल्याला ब्याण्णव आणि त्याला एक्याण्णव असले की त्या दिवशी भाकरी गोड लागायची. त्याला त्र्याण्णव निघाले की हा घरी जाऊन पोट दुखतंय म्हणून पांघरूण घ्यायचा. आता लातूर म्हणजे मार्कांचंच गाव. तिथं पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी पोराचे टक्के सांगतात, तेव्हा दोष एकट्या सुयोगचा नव्हे. पण बाकीची पोरं मोठी झाली तशी त्यातून सुटली. हा सदतीस वर्षांचा झाला, लग्न झालं, मुलगी झाली, कॅनडात येऊन सहा वर्षं राहिला, तरी शेजारच्या बाकावर वाकायची खोड काही गेली नाही.

आणि देवाची करणी अशी, की शेवटी त्या बाकावर त्याची बायकोच येऊन बसली.

सुयोगला कॅनडाचं वर्क परमिट मिळालं ते अर्थातच मार्कांवर. वयाचे मार्क, पदवीचे मार्क, इंग्रजीचे मार्क, सगळीकडं हा पहिला. विल्टन क्रीक नावाच्या नऊ हजार वस्तीच्या गावात, चहूकडं सपाट गव्हाची रानं आणि वर्षातले सहा महिने बर्फ, तिथल्या पाणीशुद्धीकरण केंद्रात तो इंजिनियर म्हणून लागला. बायको कस्तुरी आणि तीन वर्षांची मिहिका त्याच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर बसून आल्या. तिथं कस्तुरीच्या नावापुढं एक शब्द छापलेला होता: डिपेंडंट. म्हणजे अवलंबून असलेली. सुयोगला तो शब्द इतका आवडला, की कुणाच्या घरी गेलं की तो म्हणायचा, "ही माझी डिपेंडंट," आणि स्वतःच खो खो हसायचा. पहिली दोन वर्षं कस्तुरीपण हसली. मग तिनं हसायचं सोडलं आणि कामाला लागली.

काम तरी काय मिळावं? गावच्या आइस रिंकवर पोरं दिवसभर बर्फावर खेळतात, त्यावर ओरखडे पडतात. मग एक बोजड गाडी फिरवून त्यावर कोमट पाण्याचा हात द्यायचा, की बर्फ पुन्हा काचेसारखा होतो. ती गाडी कस्तुरी चालवायची. "सारवणच की हे," ती पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली. "माहेरी औशाला अंगण सारवायचो तसंच. फक्त शेण नाही." तेव्हापासून बिराजदारांच्या घरात त्या यंत्राचं नाव सारवणगाडी पडलं.

आता राहता राहिलं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी. सुयोगनं अर्ज केला तो सन २०४१ मध्ये, आणि नेमका त्याच वर्षी नियम बदलला. झालं होतं असं, की लोक भरपूर मार्क मिळवून पीआर घ्यायचे आणि सहा महिन्यांत मोठ्या शहरात पसार व्हायचे. लहान गावं ओस पडायला लागली. सरकारला आता हुशार माणूस नको होता, टिकणारा हवा होता. आणि टिकणारा माणूस ओळखायचं यंत्र तोवर निघालं होतं.

त्या यंत्रामागचं शास्त्र तसं सोपं आहे. प्रत्येकाच्या मेंदूत एक शून्य असतं. नकाशावरची अंतरं जशी एका खुणेपासून मोजतात, तसा मेंदू सगळं जग त्या शून्यापासून मोजतो. ते कुठं आहे हे माणसाला स्वतःला नीट सांगता येत नाही, पण त्याची भाषा ते सांगून टाकते. तुम्ही लातूरला 'जाता' की लातूरला 'येता'? 'घरी फोन केला' म्हणता तेव्हा कुठल्या घरी? 'आपल्याकडं असं नसतं' म्हणजे नेमकं कुणाकडं? ये-जा, इकडं-तिकडं, आपलं-त्यांचं असले शब्द माणूस दिवसाकाठी तीन-चारशे वेळा उच्चारतो, आणि त्यातला प्रत्येक शब्द म्हणजे त्या शून्याकडं रोखलेला एक बाण.

ते बाण मोजायला एक डबी होती, तपकिरीच्या डबीएवढी. नव्वद दिवस खिशात बाळगायची. ती बोलणं साठवत नव्हती. शब्द ऐकायचा, बाण मोजायचा आणि शब्द विसरून जायचा, एवढंच तिचं काम. खरा बाण मोजला की ती खिशात हळूच 'टिक' करायची. आणि तिला फसवायची सोय नव्हती. मनात नसलेलं बोलताना माणसाचा गळा किंचित आवळतो, नाडी अडखळते; ते डबीला कळायचं आणि तो बाण बाद व्हायचा. शंभरपैकी किती बाण इथल्या मातीकडं वळलेत, तो आकडा साठाव्या दिवसाच्या तपासणीपासून डबीवरच्या चिमुकल्या पडद्यावर दिसायचा. कुटुंबात ज्याचा आकडा मोठा तो मुख्य अर्जदार, बाकीचे त्याच्या पाठोपाठ. मुख्य अर्जदाराचे नव्वदाव्या दिवशी साठ हवेत. साठ कुणाचेच नसले, तर एकतीस जानेवारीला परमिट संपेल, सामान बांधायचं आणि निघायचं. बारा वर्षांखालच्या मुलांना डबी नव्हती.

ऑक्टोबरात डब्या हातात पडल्या तेव्हा सुयोग मनातल्या मनात हसला. परीक्षाच आहे ना? मग झालं तर.

दुसऱ्या दिवसापासून गडी तयारीला लागला. सकाळी आरशासमोर उभा राहून दाढी करता करता म्हणायचा, "आपल्याकडं यंदा बर्फ लवकर पडला." डबी गप्प. "आपलं विल्टन क्रीक म्हणजे काय, स्वर्ग!" डबी गप्प. जेवताना मिहिकाला मुद्दाम विचारायचा, "काय गं, आपल्या देशाची राजधानी कुठली?" ती बिचारी ओटावा म्हणायची, हा "शाब्बास" म्हणायचा, आणि डबी आपली ढिम्म. तिकडं कस्तुरी ओट्याशी उभी राहून फोनवर मैत्रिणीला सांगायची, "अगं कसली घाण केलीय पोरांनी आपल्या बर्फाची!" की तिच्या खिशात टिक. "बस चुकली तर चालत येईन, त्यात काय!" पुन्हा टिक. पोळी लाटताना टिक, कपडे घड्या घालताना टिक. त्या टिकटिकीनं सुयोगच्या कानशिलात ठणकायला लागलं.

"तू मुद्दाम बोलतीस का गं तसं?" त्यानं एकदा विचारलं.

"कसं?"

"तेच. आपलं बर्फ, आपलं रिंक."

"मग काय शेजाऱ्याचं म्हणू? रोज मी सारवते," ती म्हणाली, आणि पुन्हा टिक झालं.

साठाव्या दिवशी दोघांना मधल्या तपासणीला बोलावलं. तिथल्या अधिकारी बाईंचं नाव ग्रेस ओकाफोर. शांत, पोक्त बाई, आईवडील नायजेरियातून आलेले. त्यांनी पडदा वळवून आकडे दाखवले. कस्तुरी चोपन्न. सुयोग तेवीस.

सुयोगला वाटलं यंत्र उलटं वाचतंय. "नावांची अदलाबदल झाली असेल," तो म्हणाला.

"नाही झाली," ग्रेसबाई म्हणाल्या. "मलाही कुतूहल वाटलं. काही बाण शंभरांच्या तोलाचे असतात, आणि तुमच्या पत्नीचे असे सगळ्यात जोरकस बाण एकाच शब्दाचे आहेत. डबी शब्द ठेवत नाही, पण कुठल्या जातीचा शब्द ते सांगते. हे क्रियापद आहे 'येणे', आणि ते बोलतात कधी, तर निघताना. आम्हाला आधी वाटलं भाषांतर चुकलं. जाणारा माणूस 'मी येते' कसं म्हणेल?"

कस्तुरी लाजली. "आमच्यात जाते म्हणत नाहीत हो बाई. अशुभ असतं. घरातनं निघताना येते हं म्हणायचं."

"म्हणजे निघायच्या आधीच परत यायचं कबूल करायचं," ग्रेसबाई म्हणाल्या. "ज्या उंबऱ्यावर उभं राहून म्हणाल, ते तुमचं शून्य. फार सुंदर आहे हे."

सुयोगच्या पोटात जुनं शाळेतलं दुखणं उठलं. "सुंदर कसलं मॅडम, नुसती सवय आहे. आमच्याकडं झाडून सगळे म्हणतात. याचे मार्क द्यायचे म्हणजे शिंकेचे मार्क दिल्यासारखं आहे."

ग्रेसबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. "मग तुम्ही का म्हणत नाही? साठ दिवसांत तुमच्या डबीत तो शब्द एकदाही नाही. आणखी एक सांगते. मला वाटलं होतं तुमचे बाण भारताकडं असतील. तसंही नाही. तुमचे बाण इकडंही नाहीत आणि तिकडंही नाहीत."

सुयोगनं डबी उचलून खिशात टाकली. तो कामावर निघताना 'चला' म्हणायचा, नाहीतर 'बाय'. कस्तुरीला वाटायचं, साहेब झालेत.

त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला: ही येते हं म्हणते तरी कुणाकुणाला? एका दुपारी केंद्रातून लवकर सुटून तो रिंकवर गेला आणि बाकांच्या मागं उभा राहिला. कस्तुरी सारवणगाडीवर बसून गोल गोल फिरत होती. अंगावर जाडजूड कोट, डोक्याला मफलर, कपाळावर टिकली, आणि चेहऱ्यावर असला निवांतपणा, की तसा घरात त्यानं कधी बघितला नव्हता. काम आटोपलं. तिनं गाडी जागेवर लावली, तिच्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाली, "येते हं." गाडीला! मग कठड्याशी थांबून बर्फाकडं एक नजर टाकली, "येते रे." बर्फाला! आणि दाराशी रिंकचा व्यवस्थापक उभा होता, डग नावाचा, पन्नाशीचा, भल्या मोठ्या मिशांचा. त्याला म्हणाली, "डग, येते हं."

तो डग, ज्याला 'बिराजदार' हे नाव सहा वर्षांत धड म्हणता आलं नव्हतं, तो हसून चक्क मराठीत म्हणाला, "ये हं."

सुयोगच्या अंगाची लाही लाही झाली. डगमध्ये आणि तिच्यात काही नाही, हे त्याला शंभर टक्के माहीत होतं. डगची बायको मिहिकाला पियानो शिकवायची. पण काही असतं तर एक वेळ परवडलं असतं, भांडता तरी आलं असतं. हे म्हणजे बर्फाशी काय भांडणार? आपली बायको जिथं जाईल तिथं रुजतीय आणि आपण सहा वर्षं कुंडीतल्या कुंडीत, या विचारानं त्याला घास जाईना. त्याला तिचा हेवा वाटत होता, नुसता आकड्याचा नव्हे, त्या निवांत चेहऱ्याचा. आणि हेवा आपल्याच बायकोचा वाटतोय, याची लाज वाटून तो आणखी चिडत होता.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी कस्तुरीचे एकसष्ट झाले. सुयोगचे सव्वीस. मिहिकानं घरभर उड्या मारल्या. कस्तुरीनं शिरा केला, आणि सुयोगपुढं वाटी ठेवत म्हणाली, "झालं बाई एकदाचं. आता निवांत."

"अभिनंदन," सुयोग म्हणाला. शिऱ्याची वाटी त्यानं मिहिकापुढं सरकवली.

संध्याकाळी ग्रेसबाईंकडून पत्राचा मसुदा आला. सध्याच्या आकड्यांप्रमाणं कुटुंबाचा अर्ज असा दिसेल, असं लिहिलेलं. मुख्य अर्जदार: कस्तुरी बिराजदार. आणि दुसऱ्या पानावर, सुयोग बिराजदार, डिपेंडंट.

कस्तुरीनं ते वाचलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू हललं, अगदी चिमूटभर. सहा वर्षांत तेवढं तरी तो तिचं देणं लागत होता. पण तेवढंच सुयोगला पुरलं.

शेजाऱ्याचे दोन्ही डोळे फुटावेत म्हणून आपला एक द्यायला तयार होणारी माणसं असतात म्हणतात. सुयोगनं स्वतःला असं सांगितलं नाही. स्वतःला त्यानं सांगितलं, की बिचारीला माहेर सोडून सहा वर्षं झाली, येळवस आलीय, तिला जरा बरं वाटावं. एकदोन आकडे खाली आले तर येतील. एकोणसाठ झाले तर कळेल तरी, की यंत्राचं काही खरं नसतं. आणि त्यानं औशाला मेहुण्याला, बसूला, फोन लावला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर, धाराशिवकडं त्या दिवशी गावं रिकामी पडतात आणि अवघा मुलूख रानात जेवतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, बांधतात, पांडवांची पूजा करतात, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली ताकाची आंबील. कस्तुरीच्या माहेरी त्या दिवशी पंगतीला पन्नास माणसं असायची.

येळवसेच्या दिवशी सकाळच्या चहाला सुयोगनं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लावला. "बघ, बसूनं आजचाच पाठवलाय."

हिरवा हरभरा, जोंधळ्याचं रान, कोपीतून निघणारा धूर. कस्तुरीची आई चुलीपाशी बसलेली, एका हातानं पदर सावरत भज्जी ढवळणारी. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "कस्तू, तुझी जागा ठेवलीय बघ. तिथं कुणाला बसू देत नाही मी." आणि पत्रावळींच्या ओळीत एक पत्रावळ रिकामी होती, तिच्यावर पालथा द्रोण.

कस्तुरीनं कप खाली ठेवला. तिचा बांध फुटला तो फुटलाच. "मला घरी जायचंय," ती म्हणाली, "मला आपल्याकडं जायचंय हो," आणि लेकरासारखी रडली. मिहिका घाबरून तिला बिलगली. कस्तुरीच्या खिशातली डबी टिक टिक टिक करत राहिली, आणि सुयोगला पक्कं माहीत होतं की आज बाण कुणीकडं सुटलेत. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी चोरून तिच्या डबीचा आकडा बघितला. बावन्न.

त्याला आनंद झाला. थोडा वेळच, पण झाला. हे नाकारून चालणार नाही, कारण पुढं त्यानं स्वतःही ते नाकारलं नाही.

मग आकडा वर चढेना. कस्तुरी रोज संध्याकाळी औशाला आईला फोन लावायला लागली. रिंकवर जायची, पण सारवताना तिकडचं रान डोळ्यांपुढं यायचं. त्रेपन्न. पंचावन्न. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी छप्पन्न. आता मात्र सुयोगला घाम फुटला. स्वतःचे अठ्ठावीस. दोघांचेही साठ नाहीत, म्हणजे सामान बांधा. मिहिका कुठल्या शाळेत जाणार? तिला देवनागरी नीट वाचता येत नव्हती. डोळा एकच द्यायचा होता, इथं सगळं घर आंधळं व्हायची वेळ आली.

त्याच दिवशी सकाळी बसूचा फोन आला. कस्तुरी कणीक मळत होती, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"अक्का, येळवसेच्या व्हिडिओचं मला बोललीच नाहीस," बसू म्हणाला. "रडलीस का नाही खरं सांग? दाजींनी चार वेळा बजावलं होतं, चुलीजवळचं घे, आईला बोलायला लाव, रिकामी पत्रावळ दाखव, अक्काच्या डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे. पत्रावळीची आयडिया दाजींचीच!"

कस्तुरीचा हात परातीत थांबला. "ठेवते रे," ती म्हणाली. मग सुयोगकडं वळली. तिनं आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे आईची जागा-बिगा सगळं तुम्ही ठरवलेलं."

"अगं, तुला बरं वाटावं म्हणून..."

"माझ्याकडं बघून बोला. गळा आवळायलाय तुमचा, डबी नसली तरी कळतंय मला." तिनं हात पुसले. "सहा वर्षं मी डिपेंडंट होते. चारचौघांत तुम्ही हसायचात. एक दिवस तरी तुमचं वाईट चिंतलं का मी? तुमच्या परमिटसाठी सोमवार धरले. तुम्हाला दोन आठवडे जमलं नाही हो. दोन आठवडे!"

"चुकलं माझं."

"माझं सोडा. हिचं शून्य कुठंय, विचारलं का कधी?" तिनं मिहिकाकडं बोट केलं. मिहिका दप्तर घेऊन दारात उभी होती, स्केट्स खांद्याला लटकवून. "हिला कुठं घेऊन जायचं मी?"

तिनं कोट चढवला, मफलर गुंडाळला. मिहिकाचा हात धरला. दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभं राहून, मागं न बघता म्हणाली, "जाते मी."

दार लागलं. सुयोग खुर्चीत बसल्या जागी गार झाला. चौदा वर्षांच्या संसारात तो शब्द त्यानं तिच्या तोंडून ऐकला नव्हता. भांडून माहेरी गेली तेव्हाही येते म्हणूनच गेली होती.

मग उठला आणि टोपी न घालताच बर्फातून पळत सुटला. मिहिकाची शाळा वाटेतच होती, त्यामुळं तो रिंकवर पोचला तेव्हा कस्तुरी एकटीच बाकावर बसलेली होती. तो तिच्याशेजारी बसला, एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून.

"येते म्हण," तो धापा टाकत म्हणाला. "शिव्या दे, पण जाते म्हणू नको."

"तुम्ही म्हणता का कधी?"

सुयोगनं डोक्यावरचा बर्फ झटकला. "आईला म्हणलो होतो," तो म्हणाला. "इकडं निघालो तेव्हा. लातूरच्या घराच्या दारात. येतो गं म्हणलो. ती म्हणाली, ये, लवकर ये. मग दोन वर्षांनी ती आजारी पडली तेव्हा परमिटचं नूतनीकरण अडकलं होतं. गेलो असतो तर परत शिरता आलं नसतं. मी हिशेब केला, नोकरी, तुम्ही दोघी, सगळा. नाही गेलो. तिकडं ती दाराकडं बघत गेली म्हणे. मी येतो म्हणून फसवलं तिला, कस्तू. तेव्हापासून तो शब्द तोंडात येत नाही माझ्या. आणि तू तो पत्र्याच्या गाडीला वाटत फिरतेस, त्या डगला वाटतेस. माझी नुसती आग आग व्हायची."

कस्तुरीनं मफलरच्या टोकानं नाक पुसलं. "हे चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर तुमच्याबरोबर बसून रडले असते. आज नाही रडणार." ती उठली. "मला काम आहे."

सुयोग तिथून सरळ ग्रेसबाईंच्या कचेरीत गेला. नियमांचं पुस्तक त्याला पाठ होतं. परीक्षेचा गडी ना. कलम अकरा: एकानं दुसऱ्याच्या मोजणीत मुद्दाम ढवळाढवळ केली, तर ढवळाढवळीनंतरचे दिवस रद्द होतात आणि आधीचा आकडा कायम धरला जातो. ढवळाढवळ करणाऱ्याचा अर्ज मात्र बाद. त्यानं परमिट संपायच्या आत देश सोडायचा. दोन वर्षांनी अर्ज करता येतो, तोही देशाबाहेरून.

त्यानं सगळं सांगितलं. व्हिडिओ, पत्रावळ, चोरून बघितलेला आकडा, झालेला आनंदसुद्धा. ग्रेसबाई लिहिता लिहिता थांबल्या.

"बाकीचं ठीक, पण आनंद झाला हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"लिहा मॅडम. तिचे एकसष्ट राहतील ना?"

"राहतील. त्यांना आणि मुलीला पीआर मिळेल. तुम्हाला दोन वर्षांनी त्यांच्या अर्जावर यावं लागेल. त्यांनी मागितलं तरच. डिपेंडंट म्हणून."

"तोच शब्द छापता ना अजून?"

"तोच," त्या म्हणाल्या.

सुयोगनं सही केली. डबी तेवढी देश सोडेपर्यंत खिशात ठेवायची होती. कस्तुरीला त्यानं घरी जाऊन सांगितलं. ती त्याच्या बॅगेत काय काय लागेल त्याची यादी करायला बसली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

तीस जानेवारीला सकाळी अकराची बस होती. शहरापर्यंत बस, तिथून विमान. दहा वाजता तो बॅग ओढत रिंकवर आला. मिहिकानं गळ्याला मिठी मारली आणि सोडेचना. डगनं टोपी काढून हातात घेतली. कस्तुरी सारवणगाडीवर होती. बर्फावर पाणी सोडलं की गाडी मध्येच थांबवता येत नाही, नाहीतर तिथं उंचवटा गोठून बसतो. ती थांबली नाही. सुयोग कठड्याला धरून उभा राहिला आणि तिची फेरी बघत राहिला. पाठीमागं ओलसर चकचकीत पट्टा पडत होता. त्याला अजूनही हेवा वाटत होता. त्या बर्फाचा, डगचा, आणि रोज संध्याकाळी तिला घरी येताना बघणाऱ्या मिहिकाचाही. हेवा असा एका सहीनं मरत नाही.

गाडी कठड्याजवळ आली.

"कस्तू," तो म्हणाला. गळा आवळला, मग सुटला. "येतो."

कोटाच्या आतल्या खिशात काहीतरी हललं. टिक.

तिनं ऐकलं की नाही कळेना. गाडी पुढं गेली, वळणावर गेली, पलीकडच्या बाजूनं हळूहळू फिरून पुन्हा त्याच्यासमोर आली. तिनं चाकावरची नजर काढली नाही.

"या," ती म्हणाली, आणि गाडी पुढं गेली.

विमानतळावर देश सोडणाऱ्यांनी डबी परत टाकायची एक पेटी होती, तिला वर खाच. सुयोगनं खिशातून डबी काढली. सकाळपासून ती गप्प होती, फक्त एकदाच वाजली होती, पण ग्रेसबाई म्हणायच्या, काही बाण शंभरांच्या तोलाचे असतात. पडद्यावर आकडा उजळलेला त्याला बोटांच्या फटीतून जाणवत होता. मागं रांग लागली होती. त्यानं डबी पालथी केली, पडदा खाली, आणि तशीच खाचेत सोडली.

आयुष्यात पहिल्यांदाच सुयोग बिराजदार आपले मार्क न बघता निघाला.